आठ महिने दर वीकेंडला मुंबईत भटकले, त्याचा हिशोब (डोंबिवलीहून)

आधीच सांगते, मी डोंबिवलीला राहते आणि हे वाचताना ते डोक्यात ठेवा, कारण बांद्र्यात राहणाऱ्याचा अनुभव वेगळाच असणार. ऑक्टोबरमध्ये ठरवलं की शनिवार-रविवार घरी लोळत मोबाईल बघण्यापेक्षा नाटक, गाणं, चित्रं, पब, जे असेल ते बघायचं. मे संपेपर्यंत केलं, चार-पाच वीकेंड सोडून (ताप, दोन लग्नं, एकदा नुसताच कंटाळा).

सगळ्यात जास्त पैसे वसूल झाले ते नाटकात. प्लाझा सिनेमासमोरचं शिवाजी मंदिर नाट्यगृह १९६५ पासून उभं आहे, दादरला उतरून चालत जाता येतं, तिकीट तीनशे ते पाचशे, आणि मध्यंतरातला बटाटावडा हा प्रयोगाचाच भाग समजा. दोनदा आईला घेऊन गेले. ती म्हणाली अगं तिकीट मोबाईलवर कशाला काढतेस, जाऊन प्लॅन बघ, कुठली खुर्ची आहे ते कळतं. हसले मी, पण पुढच्या वेळी खरंच खिडकीवर गेले, हव्या त्या खुर्च्या मिळाल्या आणि अ‍ॅपवाले कन्व्हीनियन्स फी म्हणून जे वरचे पैसे घेतात ते वाचले, म्हणजे वड्यांचे सुटले. फक्त रविवारी दुपारचा प्रयोग असेल तर रेल्वेचा मेगाब्लॉक बघून निघा, मी एकदा न बघता निघाले आणि पहिला अंक अर्धा गेला.

जुहूचं पृथ्वी थिएटर वेगळं प्रकरण आहे. दोनशेच्या आसपास खुर्च्या, तीन बाजूंनी प्रेक्षक, नट इतका जवळ की त्याचा घाम दिसतो. १९७८ पासून चालू आहे आणि उशीर झाला तर आत सोडत नाहीत हा नियमही सगळ्यांना माहीत. म्हणून जुहूला जायचं तर मी अडीच तास आधी घर सोडते, दादरला गाडी बदला, मग रिक्षा, मग त्या कॅफेत चहा पीत बसा. अतिशयोक्ती नाही करत, जाऊन-येऊन पाच तास जातात, नाटक दीड तासाचं. तरी जाते.

एनसीपीएला (नरिमन पॉइंटचं नाटक-संगीताचं मोठं केंद्र) मी आधी घाबरायचे, वाटायचं तिथे सगळे कडक इस्त्रीचे लोक. तसं काही नाही, कुर्त्यात गेले, कोणी बघितलंसुद्धा नाही. तिथलं टाटा थिएटर १९८० चं आहे आणि ते बांधतानाच आवाजाचा विचार इतका केलाय की मागच्या रांगेतसुद्धा तंबोऱ्याचा झणकार स्पष्ट येतो. फेब्रुवारीत तिथल्या पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा, म्हणजे सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा, सीझन असतो (दुसरा सप्टेंबरमध्ये), त्याला गेले आणि पहिला भाग संपल्यावर जोरात टाळ्या वाजवल्या. अख्ख्या हॉलमध्ये मी एकटी. सगळे भाग संपल्यावरच वाजवायच्या असतात म्हणे. आपल्याकडे कसं, तान चांगली आली की लगेच क्या बात है, तसं तिथे चालत नाही. आता मेट्रो ३ कफ परेडपर्यंत गेल्यामुळे सीएसएमटीला उतरून विधान भवनपर्यंत मेट्रोने जायचं, तिथून पायी. जाताना सोपं झालं. येताना मात्र मेट्रो साडेदहालाच बंद व्हायला लागते, तेव्हा कार्यक्रम लांबला की बोंब.

गाण्याबद्दल एक मनातलं. उघड्या मैदानात रात्री दहानंतर लाउडस्पीकर नाही, नियम बरोबरच आहे, आमच्या बिल्डिंगखाली डीजे लागतो तेव्हा मीच फोन करते. पण मग मध्यरात्रीचा मालकंस राग संध्याकाळी साडेआठला ऐकावा लागतो, बाजूला कोणीतरी पॉपकॉर्न खात असतं. दिवाळी पहाट त्या मानाने बरी, पहाटेचा भैरव तरी आपल्या वेळेला येतो.

चित्रांचं काय, तर फुकट आहे म्हणून जा आणि मग आवडायला लागतं. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे आणि तिकीट नाही, समोर चौकापलीकडे एनजीएमए (सरकारी आधुनिक कला संग्रहालय), तिथलं तिकीट किरकोळ. कुलाबा-फोर्टमधल्या खासगी गॅलऱ्या मात्र रविवारी बहुतेक बंद, हे मला तिसऱ्या बंद दरवाज्यासमोर उभी राहिल्यावर कळलं. शनिवारी दुपारी जा. जानेवारीत गॅलरी वीकेंड असतो तेव्हा सगळं एकदम बघता येतं. काळा घोडा फेस्टिव्हल फेब्रुवारीच्या आगेमागे नऊ दिवस असतो, सुट्टी टाकता आली तर मधल्या वारी जा, वीकेंडला माणसांच्या पाठी बघून परत याल.

आता नाइटलाइफ, ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलं होतं खरं तर. लोअर परेलच्या एका ठिकाणी (नाव नाही घेत) आम्ही तीन मुली आणि ऑफिसातला एक मित्र. त्याला स्टॅग (जोडीदारीण नसलेला पुरुष) म्हणून दारात अडवलं, मग जास्त पैसे घेऊन सोडलं. माणशी दीड हजार कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे, म्हणे खाण्यापिण्यात वळतं होईल. दोन ड्रिंक आणि एक प्लेट चिली पनीरमध्ये झालं वळतं. डीजे साडेअकराला आला. साडेअकराला! आमची तेव्हा निघायची वेळ. आणि हो, कुठेही रूफटॉपवर गेलात की बाहेर पडायचा दुसरा रस्ता आधी बघून ठेवा, २०१७ च्या डिसेंबरात कमला मिलमधल्या रूफटॉप पबच्या आगीत १४ जण गेले, तेव्हापासून माझी सवयच झालीय.

२०२० मध्ये हॉटेलं-मॉल चोवीस तास उघडे ठेवायची परवानगी आली, दारू दीडपर्यंत, सगळं छान. पण मध्य रेल्वेची आमच्याकडची शेवटची गाडी बारानंतर थोड्याच वेळात सुटते आणि मग पहाटे चारपर्यंत काही नाही. दोनदा गाडी चुकून अडकलो, एकदा कॅबला अकराशे गेले, दुसऱ्यांदा दादरला मैत्रिणीच्या मावशीकडे जाऊन बेल वाजवली. मावशींनी पोहे करून दिले पण चेहऱ्यावरून कळलं की हे तिसऱ्यांदा नको. शेवटच्या गाडीत लेडीज डब्यात पोलीस असतो, भीती अशी वाटली नाही, पण स्टेशनबाहेर रिक्षावाला मीटरचं नाव काढत नाही.

त्यामुळे मार्चपासून पब बंद केले, महिन्याचा खर्च निम्म्यावर आला. नाटक-गाणी चालू आहेत. येत्या शनिवारी डोंबिवलीतच सावित्रीबाई फुले नाट्यगृहात प्रयोग आहे, आईने दोन खुर्च्या काढून ठेवल्यात, चौथी रांग, मधल्या.