६१ पट्ट्या की ८८? गायकाच्या साथीला वाद्य निवडताना

पेटीवर हात बसलेला, भावगीत-नाट्यगीताच्या कार्यक्रमांना साथ करणारा माणूस वाद्य घ्यायला निघाला, की मधल्या किमतीत त्याचं मन दोन ठिकाणी अडकतं. एक ६१ पट्ट्यांचा हलका कीबोर्ड: भारतीय वाद्यांचे टोन घेऊन आलेला रोलँड एक्सपीएस-१०, किंवा तबला-तानपुरा पोटात असलेला यामाहा पीएसआर-आय५००. दुसरा ८८ पट्ट्यांचा, खऱ्या पियानोच्या हातोडीसारखं पट्टीला वजन असलेला डिजिटल पियानो: यामाहा पी-१४५, रोलँड एफपी-१०, कॅसिओ सीडीपी-एस११०. मी आधी पियानो घेतला. तो वरच्या तिघांपैकी नव्हता, आधीच्या पिढीतला होता, आता दुकानात मिळत नाही. तीन वर्षं तो कार्यक्रमांना नेला आणि मग कीबोर्ड घेतला. टोन किती, स्पीकर किती वॉटचे, हे कुठल्याही दुकानात कळेल. मला सांगायचंय ते दुकानात कळत नाही.

पियानोचं कौतुक आधी करतो, कारण त्याने मला जे दिलं ते कीबोर्डने कधीच दिलं नसतं. पेटीवर आवाज लहान-मोठा करतो तो भाता. बोटं कशीही पडली तरी सूर सारखाच येतो. त्यामुळे वीस वर्षं पेटी वाजवलेल्या माणसाची बोटं समान दाबाने पडतातच असं नाही, आणि हे त्याला ठाऊकही नसतं. मला नव्हतं. पियानोवर पहिल्या आठवड्यात एक साधी सरगम रेकॉर्ड करून ऐकली, तेव्हा अनामिकेचा प्रत्येक सूर बुडालेला आणि अंगठ्याचा प्रत्येक सूर वर आलेला. पट्टीला वजन असल्यामुळे किती दाबलं ते बोटाला समजतं. खर्जाकडच्या पट्ट्या जड आणि वरच्या हलक्या, तेही खऱ्या पियानोसारखंच. सहा-सात महिन्यांनी संथ भावगीतामागचे कॉर्ड एकसारखे आणि मऊ पडायला लागले. आज कीबोर्डच्या हलक्या पट्ट्यांवर माझा हात स्थिर आहे, तो त्या पियानोमुळेच.

मात्र हेच वजन द्रुत लयीत आड येतं. नाट्यपदातली तान गायकापाठोपाठ धरायची, तर पट्टी दबली की लगेच उठायला हवी. पेटीची पट्टी तशी उठते, कीबोर्डचीही बऱ्यापैकी उठते. पियानोवर खटका-मुरकीसारख्या झटपट हरकती घेताना मला सतत वाटायचं की आपण अर्ध्या मात्रेने मागे राहतोय. ज्यांनी पियानो लहानपणापासून शिकलाय त्यांना तसं वाटत नसेल. माझ्या बोटांना ते जमलं नाही, एवढंच मी म्हणू शकतो.

मींडेचा, म्हणजे सुरावरून सुरावर सरकण्याचा, मुद्दा त्याहून सरळ आहे. वरच्या दोन्ही कीबोर्डना पिच बेंड, म्हणजे वाजता सूर वर-खाली सरकवायची सोय, असते; तिन्ही पियानोंना नसते. बासरी, सारंगी, सनई हे टोन जवळ असले तरी सुरावरून सुरावर सरकता येत नाही, आणि सरकता आलं नाही तर ती बासरी वाटत नाही. आकाशवाणीने १९४० ते १९७१ पेटीला दार बंद ठेवलं त्यामागे एक मोठा आक्षेप हाच होता: मींड नाही आणि सूर ठोकून बसवलेले. दुसऱ्या आक्षेपावरही कीबोर्डकडे थोडं उत्तर आहे. समान अंतराच्या सप्तकात शुद्ध गंधार तानपुऱ्यातून ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, म्हणजे अर्ध्या सुराचा सातवा भाग. बऱ्याच स्टेज कीबोर्डमध्ये स्केल ट्यून असतं. त्यात तेवढा एक गंधार उतरवून ठेवता येतो. भूपाची बंदिश असेल तर मी गंधार आणि धैवत दोन्ही उतरवतो आणि तानपुऱ्याबरोबर ते छान मिसळतात. माझ्या पियानोत ही सोय नव्हती.

तरीही एवढ्यावर मी पियानो सोडला नसता. मींड हवी तिथे बासरीवाला असतो, तान धरायला पेटीवाला असतो. पियानोने कॉर्ड आणि मधले तुकडे सांभाळले तरी कार्यक्रम उभा राहतो.

माझा निर्णय झाला तो गाण्याची पट्टी, म्हणजे गायकाचा सा, बदलण्यावरून.

साथ करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. तालमीत गाणं काळी चारमध्ये, म्हणजे चौथ्या काळ्या पट्टीला सा धरून, बसतं. कार्यक्रमाच्या दिवशी गायिकेचा गळा बसलेला असतो आणि ती विंगेत हळूच सांगते, "अर्धा सूर खाली घेऊया का?" म्हणजे पांढरी पाच. पेटीवाला मान हलवतो. त्याची स्केलचेंजर पेटी असेल तर तो पट्ट्यांचा सांगाडा उचलून एक घर सरकवतो आणि बोटं जिथल्या तिथे ठेवतो. नसेल तर पांढरी पाचमधून वाजवतो, कारण पेटी शिकताना सगळ्या पट्ट्यांतून वाजवायला शिकवलेलं असतं. बोटं तीच ठेवून सगळे सूर वर-खाली करणाऱ्या ट्रान्सपोजच्या बटणाला माझे गुरुजी पळवाट म्हणायचे, आणि पेटीपुरतं ते खरं होतं. पण भावगीताच्या मधल्या संगीतात दोन्ही हातांचे कॉर्ड असतात, ठरलेला तुकडा ठरलेल्या लयीत यायचा असतो, आणि तो तालमीत एकाच बोटबांधणीत पक्का झालेला असतो. तिथे बटण लागतंच.

माझ्या पियानोवर ते बटणच नव्हतं. म्हणजे सोय होती, पण लपलेली: फंक्शनचं बटण दाबून धरायचं आणि त्याच वेळी ठरावीक पट्टी दाबायची. कुठली पट्टी म्हणजे किती सूर, हे पुस्तिकेत छापलेलं, ते पाठ करायचं. पडदा नाही, त्यामुळे बदल झाला की नाही, किती झाला, हे डोळ्यांना दिसत नाही. वाजवून बघावं, तर समोर निवेदिका बोलत असते. या वर्गात बटणं कमी ठेवायची पद्धतच आहे. घरात ठेवायच्या वाद्याचं रूप त्यामुळे स्वच्छ दिसतं, आणि ज्यांना रोज एकाच जागी बसून वाजवायचंय त्यांना याचा त्रास होत नाही.

मी त्यावर उपाय केले. पट्ट्यांच्या वरच्या कडेला कागदाचे बारीक तुकडे चिकटवले: उणे एक, उणे दोन, अधिक एक. निळ्या प्रकाशात ते दिसेनात. मग गाण्यांचा क्रमच असा लावायला लागलो की पट्टी कमीत कमी वेळा बदलावी लागेल. आज मागे बघताना मला हीच गोष्ट सगळ्यात चुकीची वाटते. गाण्यांचा क्रम रसाने ठरावा, वाद्याच्या सोयीने नाही.

एका कोजागिरीला आमच्या भागातल्या सोसायटीत कार्यक्रम होता. तिसऱ्या गाण्याआधी मी अर्धा सूर खाली केला. निवेदन चालू असताना वीज एक क्षण गेली आणि आली. ध्वनिव्यवस्था सावरली, पियानो पुन्हा सुरू झाला, आणि ट्रान्सपोज शून्यावर गेलं. माझ्या ते लक्षात यायचं कारणच नव्हतं, कारण ते सांगणारं काहीच त्या वाद्यावर नव्हतं. मी सुरुवातीचं संगीत अर्धा सूर वर वाजवलं. गायिका अनुभवी होती. तिने तो सूर कानात घेतला आणि तिथूनच उचललं. बसलेल्या गळ्याने अंतऱ्याचा तार षड्ज तिने कसा लावला ते मी दोन हातांवर ऐकत होतो. कार्यक्रमानंतर ती मला एक शब्द बोलली नाही. पुढच्या महिन्यात मी कीबोर्ड घेतला.

माझ्या कीबोर्डवर ट्रान्सपोजचं स्वतंत्र बटण आहे, डाव्या हाताच्या अंगठ्याला सापडेल अशा जागी, आणि आकडा पडद्यावर दिसतो. वीज गेली तर तोही शून्यावर येतो. पण पडदा ते सांगतो, आणि परत लावायला एक सेकंद पुरतो. काही कीबोर्डवर गाण्यागणिक टोन आणि ट्रान्सपोज एकत्र साठवून ठेवता येतं. मी रात्री घरी बसून अठरा गाण्यांची यादी लावतो, प्रत्येकाची पट्टी त्यात असते, आणि विंगेतली कुजबुज आली तर तेवढं एकच गाणं बदलतो. सगळ्या कीबोर्डवर हे सारखं नसतं. काहींमध्ये ट्रान्सपोज मेनूच्या तिसऱ्या पानावर असतं, आणि तसा कीबोर्ड माझ्या दृष्टीने पियानोइतकाच गैरसोयीचा.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. पियानो साडेदहा ते साडेबारा किलोचा, सव्वा मीटरहून लांब. पिशवी आणि स्टँड धरला तर एकट्याने लोकलमधून नेणं कठीण, रिक्षात तो तिरका धरूनच बसावं लागतं. माझा कीबोर्ड पाच किलोच्या आत आहे आणि पाठीवर जातो. दिवाळी पहाटेला साडेचारला घर सोडताना याचं मोल कळतं. वर सांगितलेल्या तिन्ही पियानोंना ध्वनिव्यवस्थेला जोडायचं वेगळं भोक, म्हणजे लाइन आउट, नाही, ध्वनिवाल्याला हेडफोनच्या भोकातून आवाज द्यावा लागतो. माझ्या पियानोचंही तसंच होतं, आणि तिथे पिन घातली की आतले स्पीकर बंद. मग मॉनिटर, म्हणजे वादकाकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, नीट नसेल तर आपलं आपल्यालाच ऐकू येत नाही. कॅसिओच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: सीडीपी-एस११० सहा साध्या पेन्सिल सेलवर चालतो. वीज बेभरवशाची असेल तिथे ही मोठी सोय आहे, आणि त्या कोजागिरीला मला ती नक्की आठवली असती.

सूर लांबवणारं चांगलं पेडल दोन्हीकडे वेगळं घ्यावंच लागतं. पियानोसोबत येणारं चौकोनी पेडल फरशीवर सरकतं. दुसऱ्या कंपनीचं घेतलंत तर उलटं चालायची शक्यता असते: पाय उचलला की सूर लांबतो. ज्या पेडलला खाली उलटसुलट करायची कळ असते ते घ्या.

आता पियानोच्या टोनबद्दल. माझ्या मनात याची खंत आहे. कीबोर्डमधला पियानो चांगला असला तरी त्या डिजिटल पियानोइतका खोल नाही. नुसता कॉर्ड धरून सोडला की शेवटची थरथर कमी पडते. सभागृहात, तबला-ढोलक चालू असताना, फरक जाणवत नाही. घरी रेकॉर्डिंग करताना जाणवतो. त्यावर मी लॅपटॉपचा मार्ग काढलाय. कीबोर्ड यूएसबीने लॅपटॉपला जोडतो, आवाज लॅपटॉपमधल्या पियानोचा. यात पट्टी दाबणं आणि सूर येणं यात अंतर पडतं. लॅपटॉप आवाज थोडा साठवून मग सोडतो, तो साठा म्हणजे बफर; तो ५१२ नमुन्यांचा असेल तर ४४.१ किलोहर्ट्झला एकट्या बफरचेच सुमारे १२ मिलिसेकंद, आणि द्रुत लयीत ते बोटाला खुपतात. १२८ वर आणलं की सुमारे ३, तिथे माझी तक्रार नाही. त्यासाठी बाहेरचा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे लॅपटॉपचा आवाज बाहेर देणारी यूएसबीची पेटी, लागतो, दोन चॅनेलचा पुरतो. चार्जर लावल्यावर घूंऽऽ असा आवाज यायला लागला तर दोष बहुधा अर्थिंगच्या फेऱ्याचा असतो. चार्जर काढून बघा. थांबला तर डीआय बॉक्स, म्हणजे मधे जोडून ती घरघर तोडणारी डबी, घ्या. कार्यक्रमाला मात्र मी लॅपटॉप नेत नाही. गायकासमोर बसून माउस हलवणं मला पटत नाही.

तुमच्या घरी मूल पाश्चात्त्य पियानो शिकणार असेल, ट्रिनिटीच्या पियानोच्या परीक्षांना बसणार असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेवा आणि ८८ पट्ट्यांचाच घ्या. हलक्या पट्ट्यांवर लागलेली सवय पुढे मोडायला फार त्रास होतो. तुम्ही स्वतः घरीच वाजवणार असाल, साथीला जाणार नसाल, तरी कदाचित तोच घ्या. माझा पियानो मी विकला नाही. तो बैठकीच्या खोलीत आहे, मुलगी त्यावर शिकते, आणि रविवारी सकाळी मी अर्धा तास बोटांसाठी त्यावर बसतो. दोन्ही घेणं परवडत असेल तर हा क्रम चांगला आहे असं मी म्हणेन. एकच घ्यायचं असेल आणि समोर गायक असणार असेल, तर मी कीबोर्ड घेईन.

दुकानात जाल तेव्हा एखाद्या गाणाऱ्या मित्राला बरोबर न्या. मुंबईत धोबीतलावला फुर्टाडोजसारख्या वाद्यांच्या दुकानात दोन्ही प्रकार एकाच फेरीत वाजवून बघता येतात. तुमचा नेहमीचा एखादा तुकडा वाजवायला घ्या, आणि मित्राला सांगा की मधेच कधीतरी "अर्धा सूर खाली" म्हण. विक्रेत्याला विचारू नका, पुस्तिका उघडू नका. पुढच्या ओळीच्या आत तुमचा हात त्या बटणावर पोहोचतो का, तेवढं बघा.