ओपनस्टॅक की क्लाउडस्टॅक: पहिला पॅच कुठे पाठवाल?

स्वतःच्या सर्व्हरांवर क्लाउड उभारून देणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये कोड लिहायचं तुमचं ठरलंय. बहुतेक जण भाषा बघून निवडतात: पायथन येत असेल तर ओपनस्टॅक, जावा येत असेल तर क्लाउडस्टॅक. मला ही कसोटी अपुरी वाटते. कोडची मांडणी कशी आहे आणि तो तपासला कसा जातो, हे आधी बघा.

ओपनस्टॅक 2010 मध्ये रॅकस्पेस आणि नासाने मिळून सुरू केलं. ते एकसंध सॉफ्टवेअर नाहीच. व्हर्च्युअल मशीन नोव्हाकडे, नेटवर्क न्यूट्रॉनकडे, डिस्क सिंडरकडे, लॉगिन कीस्टोनकडे. प्रत्येकाचा कोड वेगळा, टीम वेगळी. एकाच विषयात खोल शिरायला हे उत्तम. पण मशीन चालू का झालं नाही हे शोधताना तीन-चार सेवांचे लॉग चाळावे लागतात, आणि नवखा माणूस तिथेच थकतो.

क्लाउडस्टॅक सिट्रिक्स कंपनीने 2012 मध्ये अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सोपवलं. त्याचा बहुतेक कारभार एकाच मॅनेजमेंट सर्व्हरमध्ये चालतो, मागे मायएसक्यूएल डेटाबेस. एपीआयवर आलेली विनंती हायपरवायझरपर्यंत (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपर्यंत) कशी पोचते, हे एकाच रेपॉझिटरीत सलग वाचत जाता येतं. शिवाय सिम्युलेटर आहे, म्हणजे खरे होस्ट नसतानाही बदल करून बघता येतात. ओपनस्टॅकसाठी डेव्हस्टॅक आहे, म्हणजे चाचणीपुरतं ओपनस्टॅक उभं करून देणाऱ्या स्क्रिप्ट. ते सिस्टीममध्ये बरेच फेरफार करतं, म्हणून वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्येच चालवा.

खरा फरक रिव्ह्यूत आहे. क्लाउडस्टॅकमध्ये गिटहबवरची ओळखीची पुल रिक्वेस्ट. ओपनस्टॅकमध्ये गेरिट हे कोड तपासायचं वेगळं साधन: सूचना आली की नवी कमिट जोडायची नाही, तीच सुधारून (अमेंड करून) पुन्हा पाठवायची. झूल या स्वयंचलित यंत्रणेच्या चाचण्या पास व्हाव्या लागतात आणि सहसा दोन कोअर रिव्ह्यूअरांचे (बदल मंजूर करायचा अधिकार असलेल्यांचे) ‘प्लस टू’, म्हणजे मंजुरीची मतं, लागतात. चार ओळींच्या बदलालाही थांबावं लागू शकतं. तरीही बदल छोटा ठेवायची आणि कमिट मेसेजमध्ये कारण नीट लिहायची जी सवय इथे लागते, ती मला फार मोलाची वाटते.

परवाना दोन्हीकडे अपाचे 2.0.

क्लाउड आतून कसा चालतो हेच अजून उमगलं नसेल, तर मी क्लाउडस्टॅक सुचवेन, जावा कच्ची असली तरी. नेटवर्किंगमध्येच पुढे जायचं पक्कं असेल, तर मात्र थेट न्यूट्रॉन उघडा.