शाळेच्या प्रयोगशाळेसाठी गायगर काउंटर: वर्षभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

अणूची रचना, समस्थानिके (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनची संख्या वेगळी असलेले अणू) आणि किरणोत्सार हे धडे मी अनेक वर्षे फळ्यावर वर्तुळे काढूनच शिकवत आले. मधोमध प्रोटॉन आणि न्यूट्रॉन, भोवताली इलेक्ट्रॉन, बाजूला अणुअंक आणि अणुवस्तुमानांक, एवढे लिहून झाले की मुले वह्या मिटत आणि किरणोत्सार म्हणजे कुठेतरी दूर घडलेला अपघात, हीच समजूत घेऊन वर्गाबाहेर पडत. म्हणून गेल्या वर्षी हातात मावेल एवढा एक गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्साराचे कण आणि किरण टिकटिक करून मोजणारे यंत्र, प्रयोगशाळेसाठी घेतला. जे काम या यंत्राला येते ते ते फार चांगले करते. मात्र खोक्यावर छापलेल्या गोष्टींपैकी काही त्याला मुळीच जमत नाहीत आणि हा फरक विकत घेणाऱ्याला आधीच ठाऊक असायला हवा.

बांधणी साधी आहे. प्लास्टिकच्या पेटीत पेनाहून आखूड पण थोडी जाड अशी धातूची नळी आहे, नळीच्या मधोमध एक बारीक तार आहे आणि आत निऑनसारखा वायू कमी दाबाने भरलेला आहे. दोन साध्या सेलवर चालणारे सर्किट या तारेवर सुमारे ४०० व्होल्टचा दाब निर्माण करते. बाहेरून आलेल्या कणाने किंवा किरणाने वायूच्या एखाद्या अणूतून इलेक्ट्रॉन उडवला की तो तारेकडे झेपावतो, वाटेत आणखी अणूंमधून इलेक्ट्रॉन सोडवतो, त्यांचा लोंढा तारेवर आदळतो आणि आपल्याला एक ‘टिक्’ ऐकू येते. हान्स गायगर यांनी रदरफोर्ड यांच्यासोबत १९०८ मध्ये कण मोजण्याची अशी पहिली युक्ती केली आणि १९२८ मध्ये वाल्टर म्युलर यांच्यासह तिला आजचे रूप दिले. अणूचे दोन्ही भाग या एका टिकटिकीत सामील असतात, ही गोष्ट मला शिकवण्याच्या दृष्टीने फार मोलाची वाटते: घटनेची सुरुवात होते एखाद्या अणूच्या केंद्रकात, जे अणूच्या व्यासाच्या सुमारे एक लक्षांश एवढेच असते, आणि तिची वर्दी आपल्याला देतात ते दुसऱ्याच अणूंच्या बाहेरच्या कवचातले इलेक्ट्रॉन.

पहिल्या दिवशी आम्ही यंत्राजवळ काहीही न ठेवता ते नुसते सुरू केले. तरीही टिकटिक सुरू झाल्यावर दोन मुले दचकून मागे सरकली. भिंतींमधले युरेनियम आणि थोरियम, हवेतला रेडॉन, अवकाशातून येणारे किरण, एवढेच नव्हे तर आपल्या स्वतःच्या शरीरातले पोटॅशियमही, जिथे प्रौढ माणसात दर सेकंदाला चार हजारांहून अधिक केंद्रकांचा क्षय होत असतो (म्हणजे कण किंवा किरण बाहेर फेकून ती बदलतात), हे सारे सांगून झाल्यावर त्यांची भीती गेली. एका मुलीने डोळे मिटून पुढची टिक् कधी येईल याचा अंदाज बाकावर बोट आपटून करायचा प्रयत्न केला. दोन टिक् लागोपाठ आल्या, मग बराच वेळ शांतता, मग एकदम तीन. पाच मिनिटांनी तिने बोट आवरले आणि म्हणाली, “बाई, याला तालच नाही.” एखादे केंद्रक नेमके केव्हा फुटेल हे कोणालाच सांगता येत नाही, हे वाक्य मी आजवर कितीतरी वेळा उच्चारले होते, पण ते पटल्याचे असे चिन्ह वर्गात पहिल्यांदाच दिसले.

खरा कस लागला तो समस्थानिकांच्या प्रयोगात. १९१३ मध्ये फ्रेडरिक सॉडी यांनी ‘आयसोटोप’ ही संज्ञा वापरली. आवर्तसारणीत एकाच स्थानावर बसणारे ते समस्थानिक, हा अर्थ आपल्या मराठी शब्दातही जसाच्या तसा उतरला आहे. पोटॅशियमच्या तिन्ही नैसर्गिक समस्थानिकांमध्ये प्रोटॉन १९च असतात, पण न्यूट्रॉन अनुक्रमे २०, २१ आणि २२. पोटॅशियम-३९ सुमारे ९३ टक्के आणि पोटॅशियम-४१ सुमारे ७ टक्के, आणि हे दोन्ही स्थिर आहेत. किरणोत्सारी आहे ते फक्त पोटॅशियम-४०, तेही दहा हजार अणूंमध्ये जेमतेम एक, आणि त्याचे अर्धायुष्य, म्हणजे निम्म्या अणूंचा क्षय व्हायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे. इतका दुर्मीळ आणि इतका संथ क्षय या छोट्या यंत्राला कळेल का, अशी मला शंका होती.

आम्ही आधी एक तास रिकामी मोजणी केली, ती १,२६३ भरली. मग प्रयोगशाळेतल्या सोडियम क्लोराइडची १०० ग्रॅमची पुडी नळीला चिकटवून तासभर मोजले, तेव्हा १,२४१ आले. तिच्या जागी तेवढ्याच वजनाची पोटॅशियम क्लोराइडची पुडी ठेवल्यावर आकडा १,९१४ झाला. मोजलेल्या संख्येचे वर्गमूळ हे तिच्यातल्या स्वाभाविक चढउताराचे माप असते, त्यामुळे १,२६३ मध्ये पस्तीसेकांचा फरक सहज पडू शकतो. सोडियमचा आकडा या चढउतारात बसतो, पण पोटॅशियमची ६५१ ची वाढ त्यात कुठल्याही प्रकारे बसत नाही. दोन्ही पांढरे स्फटिक, दोन्ही क्लोराइड. फरक पडला तो केंद्रकांमुळे, हे मुलांनी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या आकड्यांतून ताडले. शंभर ग्रॅम पोटॅशियम क्लोराइडमध्ये दर सेकंदाला सुमारे १,६०० क्षय होत असताना यंत्राला मिनिटाला अकराच का सापडतात, हा प्रश्न त्यांनीच विचारला. बहुतेक बीटा कण (केंद्रकातून निघणारे वेगवान इलेक्ट्रॉन) पुडीतच अडतात, उरलेल्यांपैकी पुष्कळसे भलत्याच दिशेला जातात आणि गॅमा किरण (क्ष-किरणांसारखे भेदक किरण) तर बहुधा नळीतून काहीही न घडवता आरपार निघून जातात.

त्यानंतर नळी आणि पुडी यांच्यामध्ये ३ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी सरकवली तेव्हा तासाचा आकडा १,३२२ वर उतरला. पोटॅशियम-४० च्या दर शंभर क्षयांपैकी सुमारे ८९ मध्ये बीटा कण बाहेर पडतो आणि एवढे ॲल्युमिनियम त्याला अडवायला पुरेसे असते. उरलेली ५९ ची वाढ गॅमा किरणांची असू शकते, पण ती चढउताराच्या इतकी जवळ आहे की तसा दावा करू नये, असे आम्ही वहीत नोंदवले.

अर्धायुष्य दाखवण्यासाठी लोकरीवर घासलेला फुगा बंद तळघरात अर्धा तास टांगून ठेवला. रेडॉनपासून तयार होणारी शिसे-२१४ आणि बिस्मथ-२१४ ही अल्पायुषी समस्थानिके धुळीबरोबर त्याच्यावर येऊन बसतात. हवा काढून फुगा नळीजवळ धरताच मिनिटाला सरासरी ८६ टिक् झाल्या, पाऊण तासाने ४७ आणि दीड तासाने ३०. रिकाम्या मोजणीतल्या मिनिटाला २१ वजा केल्या की उतरण स्पष्ट दिसते.

आता तक्रारी. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे की हे यंत्र अल्फा, बीटा आणि गॅमा तिन्ही मोजते. हे खरे नाही. अल्फा कण (दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांचा गठ्ठा) साध्या कागदानेही अडतो. तो आत यायचा तर नळीच्या टोकाला अभ्रकाची अतिशय पातळ खिडकी लागते आणि या नळीला चहूबाजूंनी धातूची भिंत आहे. अनेक धूरसूचकांमध्ये अमेरिशियम-२४१ असते म्हणून ते फोडून अल्फा मोजून पाहण्याचा मोह कोणाला झाला तर त्याने तो आवरावा. ते धोक्याचे आहे, आणि या यंत्राला तो अल्फा दिसणारही नाही.

दुसरी तक्रार पडद्यावरच्या आकड्याची आहे. यंत्र मायक्रोसिव्हर्ट प्रति तास हे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचे माप दशांश चिन्हानंतर दोन अंकांपर्यंत दाखवते आणि दर सेकंदाला बदलते. पुस्तिकेत दिल्याप्रमाणे हा आकडा सीझियम-१३७ च्या गॅमा किरणांना धरून बेतलेला आहे. पोटॅशियमच्या बीटा कणांसाठी त्याला अर्थ राहत नाही. कोणत्या समस्थानिकातून किरण आले हेही या नळीला कळत नाही, कारण कणाची ऊर्जा कितीही असली तरी तिची टिक् सारखीच असते. आमच्या वर्गात म्हणून पडद्याचा तो भाग चिकटपट्टीने झाकलेला असतो आणि मुले फक्त टिक् मोजतात.

सर्वांत जास्त खटकली ती सोबतची पुस्तिका. तिच्या तिसऱ्या पानावर समस्थानिक म्हणजे ‘मूलद्रव्याचे किरणोत्सारी रूप’ अशी व्याख्या दिली आहे. कार्बन-१२ आणि कार्बन-१३ दोन्ही स्थिर आहेत आणि दोन्ही कार्बनची समस्थानिकेच आहेत. कार्बन-१४ तेवढा सुमारे ५,७३० वर्षांच्या अर्धायुष्याने क्षय पावतो. नवख्या विद्यार्थ्याच्या मनात ही चूक एकदा बसली की ती काढायला फार कष्ट पडतात, आणि शिकवण्यासाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत ती असावी याचे मला मनापासून वाईट वाटते.

सेल वर्षभरात दोनदाच बदलावे लागले, आवाज बंद करण्याची सोय आहे आणि संगणकाला जोडून रात्रभराची मोजणी आपोआप नोंदवता येते. पेटी उघडायची असेल तर यंत्र बंद करून काही वेळ थांबावे, कारण कपॅसिटरमध्ये विद्युतभार शिल्लक राहतो. ज्यांना खाद्यपदार्थ किंवा पाणी सुरक्षित आहे की नाही हे तपासायचे आहे त्यांनी हे घेऊ नये, त्यांचे काम याने होणार नाही. ज्यांना अल्फा पाहायचा आहे त्यांनी अभ्रकाची खिडकी असलेलीच नळी मागावी. तासभर धीराने बसून मोजायची आणि आकड्यांवर वाद घालायची ज्यांची तयारी आहे अशा वर्गासाठी मात्र मी हे यंत्र पुन्हा घेईन. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर आम्ही दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे. त्या चिठ्ठीतला मजकूर मुलांनीच लिहिला असून त्याची एक प्रत उत्पादकांनाही पाठवली आहे.