कपाटं विकायची कुणाला: जेम, महाटेंडर्स की पोटठेका?

अंबड एमआयडीसीत माझ्या ओळखीचा एक कपाटवाला आहे. नऊ माणसं, एक पॉवर प्रेस, पत्रा कापायचं एक मशीन. पावडर कोटिंग तो बाहेरून करून आणतो. ७८ बाय ३६ बाय १९ इंचाचं लोखंडी कपाट, आपण ज्याला सरसकट ‘गोदरेजचं कपाट’ म्हणतो ते, हा त्याचा मुख्य माल. दुकानदारांच्या उधारीला कंटाळून परवा विचारत होता, “सरकारला विकू का?” मी लोकांची जीएसटी रिटर्न भरतो आणि निविदांचे कागद जुळवून देतो, त्यामुळे हा प्रश्न वर्षातून दहा-बारा जण तरी मला विचारतात.

नाशिकमध्ये गिऱ्हाइकांची कमी नाही. देवळालीला तोफखाना, नाशिकरोडला नोटांचा आणि स्टॅम्पपेपरचा छापखाना, ओझरला एचएएलचा विमान कारखाना, ही केंद्राची मंडळी. जिल्हा परिषद, महापालिका, आदिवासी विकास आयुक्तालय ही राज्याची आणि स्थानिक. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं घेतलेले मोठे कंत्राटदार आहेतच. म्हणजे वाटा तीन: केंद्राची खरेदी जेमवर (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस, केंद्राचं ऑनलाइन खरेदी पोर्टल), राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या निविदा महाटेंडर्स या राज्याच्या पोर्टलवर, किंवा ज्याला सरकारी ऑर्डर मिळाली आहे त्याचा पोटठेका.

जेम: सवलत खरी, पण कुठवर?

जेम पोर्टल २०१६ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालं. लहान उद्योगाला तिथे जो आधार आहे तो पोर्टलचा नाही, २०१२ च्या खरेदी धोरणाचा आहे. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या यांनी वर्षभराच्या खरेदीतला ठरावीक हिस्सा सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून घ्यायचा. आधी तो २० टक्के होता, १ एप्रिल २०१९ पासून २५ टक्के झाला. त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांसाठी आणि ३ टक्के महिला उद्योजकांसाठी. शिवाय ३५८ वस्तू फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडूनच घ्यायच्या अशी यादी आहे, आणि लोखंडी कपाट त्या यादीत बसतं. हे कळल्यावर आमच्या कपाटवाल्याचा चेहरा असा फुलला की जणू ऑर्डर निघालीच.

थांब म्हटलं. राखीव म्हणजे मोठी कंपनी बाहेर, एवढंच. आत किती जण आहेत ते बघ. १ एप्रिल २०२५ पासून व्याख्या बदलल्या: १० कोटींपर्यंत उलाढालीचा उद्योग सूक्ष्म, १०० कोटींपर्यंतचा लघु. आधी लघुची मर्यादा ५० कोटी होती. म्हणजे तुझी नऊ माणसांची शेड आणि ९० कोटी उलाढाल करणारा फर्निचरचा कारखाना एकाच राखीव रांगेत उभे. पत्र्याचा भाव त्याला टनावारी मिळतो, तुला व्यापाऱ्याकडून. वाढीव मर्यादेमुळे उद्योग मोठे होताना सवलत गमावणार नाहीत, हा सरकारचा हेतू समजतो. पण सगळ्यात लहान असलेल्याला त्याची झळ बसते हे माझं मत.

वस्तू राखीव नसेल तर दुसरी सवलत आहे, आणि ती बहुतेकांना उलटी समजलेली असते. समजा ४०० नग हवेत. मोठ्या कंपनीने सगळ्यात कमी, म्हणजे एल-वन दर टाकला १०,००० रुपये. तुम्ही टाकला ११,३००. तुमचा दर एल-वनच्या १५ टक्क्यांच्या आत आहे, म्हणून तुम्हाला विचारलं जातं: १०० नग देता का? पण द्यायचे १०,००० रुपयांनीच. म्हणजे १५ टक्के जास्त भाव मिळत नाही, त्या भावाला उतरायची संधी मिळते. आणि एल-वन स्वतःच सूक्ष्म किंवा लघु उद्योग असला तर हा प्रश्न उद्भवतच नाही. “मग ही कसली सवलत?” असं तो म्हणाला. रागावण्यासारखं नाही; ११,३०० ला खाली कुठवर जागा आहे हे ज्याने आधीच काढून ठेवलंय त्याला यातून शंभर नगांचं काम मिळतं. दर मनात धरून बसलेल्याला मिळत नाही.

रकमेची पायरीही माहीत हवी. जेमवर ५० हजारांपर्यंत कार्यालय थेट खरेदी करू शकतं. त्यापुढे १० लाखांपर्यंत वेगवेगळ्या उत्पादकांच्या दरांची तुलना करून सगळ्यात स्वस्त घेतं. १० लाखांच्या वर बोली, आणि बऱ्याचदा तिच्या पाठोपाठ रिव्हर्स ऑक्शन. हे एकदा बघण्यासारखं असतं. शेवटच्या काही मिनिटांत कुणीतरी दर दहा रुपयांनी खाली आणतं, वेळ आपोआप वाढते, पुन्हा दहा रुपये, पुन्हा वेळ. लिलावात माणूस चढतो तसा इथे उतरतो, आणि रात्री हिशेब करताना कळतं की कुलपाचे पैसेही सुटत नाहीत. तेव्हा किमान आकडा कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा आणि मगच बसा.

बोलीचा कागद उघडला की पहिल्या पानांवरच काही ओळी असतात: अनुभवाच्या अटीतून एमएसईला, म्हणजे सूक्ष्म आणि लघु उद्योगाला, सूट आहे की नाही, उलाढालीच्या अटीतून आहे की नाही, एमएसईला खरेदीत प्राधान्य आहे की नाही. हो किंवा नाही, एवढंच छापलेलं असतं. राज्याची खातीही २०१७ पासून जेमवर खरेदी करतात, त्यामुळे ‘जेमवर आहे म्हणजे केंद्राची सवलत लागू’ असं धरून चालू नका. ओळ वाचा.

महाटेंडर्स: रक्कम मोठी, कागद जास्त

केंद्राचं २०१२ चं धोरण राज्य सरकारला, जिल्हा परिषदेला किंवा महापालिकेला बंधनकारक नाही. राज्याच्या खरेदीची स्वतःची नियमपुस्तिका आहे, १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयाची. बयाणा रक्कम माफ आहे का, उद्यम प्रमाणपत्र (लहान उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं) चालतं का, याचं उत्तर त्या त्या निविदेत काय छापलंय त्यावर. “केंद्रात चालतं, मग इथे का नाही?” हा वाद मी एकदा एका कार्यालयात घालून बघितला आहे. चहा मिळाला, बाकी काही नाही.

इथे डिजिटल स्वाक्षरी लागते, दोन लिफाफे असतात: तांत्रिक आणि आर्थिक. आर्थिक लिफाफ्यातली दराची एक्सेल फाइल, म्हणजे बीओक्यू, जशी उतरवली त्याच नावाने भरून परत चढवायची. एका गिऱ्हाइकाने तिला स्वतःच्या फर्मचं नाव दिलं, ‘ओळखू यावी म्हणून’. पोर्टलने घेतली नाही, घड्याळात दुपारचे पावणेतीन, मुदत तीनची. शुद्धिपत्रकं रोज बघायची. तारीख वाढते तशी अटही बदलते.

मग इथे जायचं तरी कशाला? कारण ऑर्डर मोठी असते. आश्रमशाळा, दवाखाने, शाळा यांचं फर्निचर एकदम शेकड्यांनी निघतं. स्पर्धा बहुतेक आसपासच्या जिल्ह्यांतली, माणसं ओळखीची, नमुना दाखवायला टेम्पो कानपूरला पाठवावा लागत नाही. अडचण बिलाची. राज्याकडून पैसे निधी आला की मिळतात, आणि निधी कधी येईल हे ज्याच्याकडे माल पोहोचवला त्या साहेबांच्याही हातात नसतं. २०२५ मध्ये राज्यातल्या कंत्राटदार संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर उतरल्या होत्या, ते सगळ्यांनी पाहिलं. त्यातली बहुतेक बांधकामाची होती हे खरं, पण तिजोरी एकच.

पोटठेका: भाव कमी, झोप बरी

तिसऱ्या वाटेला निविदा नाही, लिफाफे नाहीत. ज्याने निवारा, कार्यालय किंवा हॉस्टेलचं काम घेतलंय तो फोन करतो: ११,००० चं कपाट १०,४०० ला देतोस का? कधी तो पत्रा स्वतः टाकतो आणि तुम्हाला फक्त मजुरीचं काम देतो. तेव्हा नफा पातळ, पण तुमचं भांडवल जवळजवळ अडकतच नाही.

“वरून आले की देतो” हे या धंद्यातलं सगळ्यात जुनं वाक्य. कायदा ते मानत नाही. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज. शिवाय आयकराचं कलम ४३बी(एच) आल्यापासून, मुदत उलटून मार्चअखेर थकलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून दाखवता येत नाही. त्यामुळे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, वर्षभर फोन न उचलणारे अकाउंटंट स्वतःहून फोन करतात. सरकारी खातं आयकर भरत नाही, म्हणून हा चिमटा त्याला बसत नाही; खाजगी खरेदीदाराला आणि सरकारी कंपनीला बसतो. या एका मुद्द्यावर पोटठेका सरकारी खात्याच्या ऑर्डरच्या पुढे आहे, हे फार कमी जण लक्षात घेतात.

मुदतीचा कायदा सरकारी खरेदीदारालाही लागू आहे, थकीत बिलांचे वाद ऐकणाऱ्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन तक्रार करता येते आणि निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी जमा करावी लागते. हत्यार धारदार आहे. पण पुढच्या वर्षीही त्याच दारात माल विकायचा असलेला माणूस ते किती वेळा काढेल? मी तरी लोकांना नोटीस लिहून देतो आणि कपाटात ठेवायला सांगतो.

एकच ऑर्डर, तीन हिशेब

त्याच्या शेडमधल्या टेबलावर, ग्रीसचे डाग पडलेल्या डायरीत आम्ही मांडलं ते असं. १०० कपाटं, ११,००० रुपये दराने ११ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी १,९८,०००. पत्रा, कुलपं, पावडर मिळून माल साडेसहा लाखांचा, त्यावरचा जीएसटी १,१७,०००. मजुरी आणि टेम्पो २ लाख. सुरक्षा अनामत ५ टक्के धरली तर करसहित रकमेवर ६५ हजारांच्या आसपास. इथे लक्ष द्या: केंद्राच्या धोरणात बयाणा माफ आहे, निविदेचा कागद फुकट आहे, सुरक्षा अनामत माफ नाही.

आणि जीएसटी. पैसे येवोत न येवोत, बिल फाडलं की पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत फरकाचे ८१,००० भरायचे. वर सरकारी खातं बिल देताना २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं, ते २२,००० आपल्या खात्यात जमा होतात खरे, पण पोर्टलवर जाऊन स्वीकारावे लागतात. बेरीज केली तर सव्वाअकरा लाखांच्या जवळपास रक्कम बाहेर. कॅश क्रेडिटचं व्याज वर्षाला १२ टक्के धरलं तर महिन्याला ११ हजार. शेडचं भाडं, वीज, पॉलिशिंग, मोडतोड वजा जाता या ऑर्डरमध्ये त्याला लाखभर सुटत होते.

जेमवर माल तपासून स्वीकृतीचं प्रमाणपत्र, म्हणजे सीआरएसी, निघालं की १० दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. दोन महिने धरले तर २२ हजार व्याज, आणि १० लाखांच्या वरची ऑर्डर म्हणून ०.३० टक्के शुल्क, चार हजारांच्या आसपास. उरले चौऱ्याहत्तर. महाटेंडर्सवर तीच ऑर्डर पाच महिने अडकली तर ५५ हजार व्याजात, उरले पंचेचाळीस. नवव्या महिन्यात नफा संपतो आणि पुढे आपण सरकारला कपाटं वापरायला दिल्यासारखं. पोटठेक्यात ६० हजार भावातच गेले, राहिले चाळीस. पण पत्र्यासाठी उचल मिळाली आणि बाकीचे ४५ दिवसांत आले तर बँकेचं व्याज अगदी थोडं, आणि वर्षाला एका ऐवजी तीन ऑर्डरी त्याच भांडवलावर फिरतात.

म्हणून माझा सल्ला साधा होता. हाताशी सहा महिने बिलाशिवाय चालेल एवढी रक्कम नसेल तर पहिल्या वर्षी महाटेंडर्सचं नाव काढू नकोस. जेमवर १० लाखांच्या आतल्या राखीव ऑर्डरी घे. तिथे व्यवहार शुल्कही नाही. देवळाली आणि नाशिकरोड टेम्पोच्या एका खेपेत होतात, नागालँडची बोली कितीही गोड दिसली तरी सोड. जोडीला एक पोटठेका ठेव, पण चिठ्ठीवर नको, पीओ, म्हणजे लेखी खरेदी आदेश, घे, आणि त्यावर उद्यम क्रमांक छापून घे. आणि ज्याची माणसं पंचवीस आहेत, ज्याच्याकडे बँकेची मर्यादा निम्मी रिकामी आहे, त्याला मी नेमकं उलट सांगेन: जेमवरच्या दहा-दहा रुपयांच्या कुस्तीत वेळ घालवू नको, जिल्ह्यातल्या मोठ्या निविदा भर.

तो म्हणाला, ठरलं, जेम. मी म्हटलं उद्यम प्रमाणपत्र दाखव. मोबाइलवर उघडून दिलं. २०२१ साली कुण्या एजंटकडून पाचशे रुपये देऊन काढलेलं, जे सरकारी पोर्टलवर फुकट निघतं. मुख्य व्यवसायाच्या पुढे लिहिलं होतं ‘ट्रेडिंग’, आणि एनआयसी कोड, म्हणजे व्यवसायाच्या वर्गवारीचा क्रमांक, ४६ ने सुरू होणारा, म्हणजे घाऊक व्यापार. खरेदी धोरणाची एकही सवलत व्यापाऱ्याला नाही. नऊ माणसं दिवसभर पत्रा वाकवतायत आणि सरकारदरबारी हा गडी गेली चार-पाच वर्षं कपाटांचा व्यापारी. फर्निचर उत्पादनाचा ३१ चा कोड टाकायला ऑनलाइन पाच मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. आधारला जोडलेला मोबाइल बायकोकडे होता, म्हणून ओटीपी आला नाही. सोमवारी परत येतो म्हणाला.