गाडी शोरूमला टाकावी की घरी खोलावी? खान्देशातल्या वापराचा हिशेब

भाच्याने परवा मोबाइलवर बिलाचा फोटो पाठवला. 100 सीसीची गाडी, साधी सर्व्हिसिंग, रक्कम 1,012 रुपये. खाली एकच ओळ: "मामा, पुढली येळले शोरूममा टाकू का घरज खोलू?"

त्याला एका शब्दात उत्तर हवं होतं. पण मी दोन्ही करून बसलोय. पहिली गाडी वर्षानुवर्षं शोरूमलाच नेली, दुसरी जवळपास सगळी घरी सांभाळली. त्यामुळे एका शब्दात सांगणं मला जमत नाही. गाडी किती जुनी, कुठे फिरते आणि नेमकं कोणतं काम करायचंय, यावर सगळं आहे. माझं गाव चोपडा तालुक्यात, शोरूम 20-25 किलोमीटरवर. गाडी महिन्याला हजारेक किलोमीटर चालते: शेत, बाजार, मधूनच शिरपूर किंवा यावल. पुढचे आकडे या वापरातले, आमच्या भागातल्या दरांचे आणि गोळाबेरीज केलेले आहेत. तुमच्याकडे पन्नास-शंभर इकडेतिकडे होतील.

आधी ते बिलच पाहू. लेबर 400, त्यावर 18 टक्के जीएसटी 72, ऑईलचा 900 मिलीचा डबा 400, चेन साफ करून स्प्रे मारायचे 80 आणि "किरकोळ साहित्य" 60. जाऊन-येऊन पेट्रोल शंभराचं धरा. एकूण 1,112. तेच काम घरी केलं तर ऑईल तेच, 400 चं. ड्रेन बोल्टचा (इंजिनखालचा, जुनं ऑईल काढायचा बोल्ट) नवा वायसर 10, चेन धुवायला डिझेल 30 आणि चेनला लावायला गियर ऑईल 20. झाले 460. एका सर्व्हिसिंगमागे साधारण 650 रुपये वाचतात. मी दर 3,000 किलोमीटरला ऑईल बदलतो, म्हणजे वर्षातून चारदा. वर्षाचे झाले 2,600.

घरी करायचं तर हत्यारं लागतात. रिंग आणि फिक्स पान्यांचा बरा सेट, प्लग पाना, ऑईल धरायला पसरट घमेलं, नरसाळं, फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पात्या) हे सगळं हजारात येतं. दोन सर्व्हिसिंगमध्ये वसूल. पाने मात्र चांगल्या लोखंडाचे घ्या. बाजारात बसून विकतात ते हलके पाने दोनदा वापरले की तोंड पसरतं आणि बोल्टचे कोपरे खातात. मग तो बोल्ट काढायला फिटरकडेच जावं लागतं.

या हिशेबात एक गोष्ट धरलेली नाही, ती म्हणजे दिवस. सकाळी नऊला गाडी टाकली की संध्याकाळी पाचला मिळते. गावाहून गेलेल्या माणसाने तोवर काय करायचं? मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडी लावायच्या केळीची, लागवड चालू असताना किंवा कापूस वेचायला बाया आलेल्या असताना असा दिवस मोडला तर साडेसहाशेपेक्षा जास्तच जातात. शहरात शोरूमशेजारी नोकरी असेल, तर हा खर्च शून्य आहे. जळगावात किंवा धुळ्यात राहणाऱ्याने माझा हिशेब जसाच्या तसा उचलू नये.

गाडी वॉरंटीत असेल तर

भाच्याची गाडी दोन वर्षांची आहे, वॉरंटी पाच वर्षांची. इथे माझं मत पक्कं आहे. वॉरंटी संपेपर्यंत पुस्तिकेत लिहिलेल्या किलोमीटरला किंवा तारखेला, जे आधी येईल त्याला, गाडी शोरूमलाच न्यावी आणि नोंद करून घ्यावी. उद्या इंजिनात काही निघालं तर कंपनी पहिल्यांदा सर्व्हिसिंगच्या नोंदी मागते. 2,600 वाचवायला जाऊन दहा-बारा हजारांच्या दुरुस्तीवरचा हक्क सोडायचा का, एवढाच प्रश्न आहे. एखाद्या भागात कंपनीचाच दोष निघाला तर तोही शोरूममध्ये फुकट बदलून मिळतो. सुरुवातीच्या "फ्री" सर्व्हिसिंगबद्दल मात्र गैरसमज नको. तिथे लेबर फुकट असतं, ऑईल आणि घातलेल्या वस्तूंचे पैसे द्यावेच लागतात.

शोरूमला जायचं तर तिथे कसं वागायचं तेही शिकून घ्यावं. एका शोरूममध्ये (नाव सांगत नाही) माझ्या बिलात इंजिन साफ करायच्या औषधाचे पैसे लागले होते. मी ते मागितलं नव्हतं. चेनचेही पैसे लावलेले. घरी येऊन पाहिलं तर चेनवर आठवडाभराचा गारा, म्हणजे चिखल, तसाच वाळलेला. तेव्हापासून मी जॉब कार्डावर सही करायच्या आधी त्यावर "विचारल्याशिवाय जादा काम करू नये" असं लिहून घेतो. बदललेला प्लग, ब्रेकचे लायनर, फिल्टर जुने परत मागतो. ऑईलचा डबा समोर फोडायला लावतो. कोणी चिडत नाही. उलट पुढच्या वेळी काम नीट होतं.

घरी काय करावं

वॉरंटी असो नसो, चेन घरीच करावी. या भागातला सगळ्यात मोठा पैसा इथे वाचतो, आणि बहुतेकांच्या हिशेबात तो नसतोच.

आपल्याकडची धूळ कशी आहे ते सांगायला नको. उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर जातो, शेतरस्त्यावर काळ्या मातीचा भुगा घोट्यापर्यंत असतो. तो ऑईलात मिसळला की चेनवर घासणारा लेप तयार होतो. पावसाळ्यात तीच माती गारा होऊन मडगार्डमध्ये घट्ट बसते. शोरूमची सर्व्हिसिंग 3,000 किलोमीटरला, आणि इथे चेनला दर 500 किलोमीटरला हात लागायला हवा. शोरूमवाला कितीही चांगला असला तरी मधल्या पाच वेळा तो तुमच्या ओट्यावर येणार नाही.

माझ्या पहिल्या गाडीला चेन सेट 15,000 किलोमीटरला बदलावा लागला. दुसऱ्या गाडीचा 28,000 चालला. रस्ते तेच, ओझं तेच. ओरिजनल सेट 1,200 चा धरला तर पहिल्या गाडीत किलोमीटरला 8 पैसे पडले, दुसरीत सव्वाचार. वर्षाला 12,000 किलोमीटरवर साडेचारशेचा फरक, लेबर वेगळं.

काम अर्ध्या तासाचं आहे. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये, इंजिन बंद. चाक हाताने फिरवायचं. इंजिन चालू ठेवून चेन पुसताना बोट गेलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे ठासून सांगतो. डिझेलमध्ये बुडवलेल्या जुन्या ब्रशने घासा, फडक्याने कोरडं पुसा, मग गियर ऑईल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडा आणि जास्तीचं पुसून टाका. वर चकाकणारं ऑईल धूळ ओढतं. पूर्ण कव्हर असलेल्या गाडीत कव्हर काढूनच नीट साफ होते, नुसत्या रबरी झाकणातून सोडलेलं ऑईल मळावरच बसतं. ढील मधोमध साधारण 20 ते 30 मिमी असावी, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ताणताना दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या ठेवा, नाहीतर चाक तिरकं बसतं.

दुसरं काम ऑईल. वॉरंटी संपलेली असेल तर हेही बिनधास्त घरी. 100 सीसीच्या बहुतेक गाड्यांना बदलताना लिटरभराच्या आसपासच लागतं, म्हणून डबाही 900 मिलीचा मिळतो. पुस्तिकेत सांगितलेली ग्रेड घ्या, बऱ्याच गाड्यांना 10डब्ल्यू30 चालतं, आणि डब्यावर "जासो एमए" (मोटारसायकलच्या ऑईलचं मानक) लिहिलेलं आहे का बघा. मोटारसायकलचा क्लच ऑईलातच बुडालेला असतो. कारच्या ऑईलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात, त्यामुळे क्लच घसरतो. घरी ट्रॅक्टरचं ऑईल उरलंय म्हणून ते ओतणारेही आहेत. तसं करू नका. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून कोमट करा, गाडी मेन स्टँडवर सरळ उभी ठेवा, ऑईल पूर्ण निथळू द्या. पातळी बघताना स्प्लेंडरसारख्या गाडीत डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची असते. फिरवून बघितली तर कमी असलेलं ऑईल बरोबर दिसतं.

इथली माझी चूक सांगतो, कारण नवशिक्याचं नुकसान नेमकं इथेच होतं. ड्रेन बोल्ट गळू नये म्हणून मी पान्याला पाइप लावून आवळला. इंजिनचा खालचा भाग अॅल्युमिनियमचा, बोल्ट लोखंडाचा. आटे गेले. नवं ऑईल घमेल्यात, गाडी टेम्पोत, आणि तालुक्याला लेथवाल्याकडे नवे आटे पाडून घेतले. टेम्पो धरून हजारभर गेले आणि दीड दिवस. दोन सर्व्हिसिंगची बचत एका झटक्यात संपली. बोल्ट आधी हातानेच पूर्ण बसवा, मग आखूड पान्याने मनगटाच्या जोराने आवळा, वायसर नवा घाला. टॉर्क रेंच घेता आला तर उत्तमच.

काढलेलं काळं ऑईल बांधावर किंवा विहिरीजवळ ओतू नका. ज्या पाण्यावर केळी पिकते आणि जे आपण पितो, त्यातच ते उतरतं. जुन्या कॅनमध्ये साठवा आणि गॅरेजच्या पिंपात नेऊन टाका.

एअर फिल्टर आधी ओळखा. स्पंज असेल तर रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात धुऊन, वाळवून, हलकं ऑईल लावून परत बसवता येतो. आता बऱ्याच गाड्यांत तेलकट कागदाचा फिल्टर असतो. तो धुवायचा नाही, हवेने फुंकायचाही नाही, थेट बदलायचा. दीड-दोनशेची वस्तू आहे. पुस्तिकेतला आकडा चांगल्या रस्त्याचा धरलेला असतो, आपल्या धुळीत त्याआधीच उघडून बघा. धूळ फिल्टरमधून आत गेली की पिस्टन आणि सिलिंडर घासतात, आणि तो खर्च कोणत्याही सर्व्हिसिंगच्या बिलापेक्षा मोठा असतो.

प्लग, क्लच वायर, मागच्या ब्रेकची ढील, टायरची हवा ही कामं बघून बघून येतात. हवा सकाळी टायर थंड असताना तपासा. मागचे लायनर संपले की ब्रेक दाबल्यावर ड्रमवरचा बाण खुणेला टेकतो. तो दर महिन्याला बघा.

घरी काय करू नये

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6, म्हणजे गाडीच्या धुराचा नवा कडक नियम, आला आणि छोट्या गाड्यांतलाही कार्बोरेटर बहुतेक गेला. आता पेट्रोल गाडीतल्याच छोट्या पंपाच्या दाबाने इंजेक्टरमधून येतं, सेन्सर हिशेब ठेवतात. मीटरवर इंजिनचा पिवळा दिवा लागून राहिला तर कारण शोधायला बहुतेक वेळा शोरूमचं मशिनच लागतं. अंदाजाने वायरी उपटू नका. जुना कार्बोरेटर आपण ओट्यावर खोलून साफ करायचो. तो हात इथे उपयोगाचा नाही.

डिस्क ब्रेकचं ऑईल, पुढचा शॉकअप, क्लच प्लेट आणि टॅपेट (व्हॉल्व्हची फट जुळवणं) ही कामंही जाणत्या हाताकडेच द्या. टॅपेटची फट मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजतात आणि ती इंजिन थंड असतानाच. आवाज जावा म्हणून घट्ट केली तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. मी फिलर गेज घेतलं, दोनदा करून पाहिलं. आता फिटरकडून करून घेतो आणि गेजने तपासतो.

तिसरा रस्ता, गावातला फिटर

भाच्याने हा पर्याय विचारलाच नाही, पण खान्देशात बऱ्याच गाड्या याच्यावरच चालतात. लेबर शंभर-दीडशे, जीएसटी नाही, काम डोळ्यांसमोर, आणि भर पावसात चेन तुटली तर धावून येणाराही हाच. वॉरंटी संपलेल्या गाडीला ऑईल-चेन घरी आणि बाकी सगळं चांगल्या फिटरकडे, ही माझ्या मते सगळ्यात बरी जोडी आहे. सामान मात्र स्वतः घेऊन जा. लोकल लायनर शंभर रुपयांनी स्वस्त असतो आणि ड्रम खातो. सुट्या भागांवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय, त्यामुळे ओरिजनल आणि लोकलमधलं अंतर थोडं कमी झालंय. छापील किंमत बघून घ्या.

भाच्याला मग असं कळवलं: वॉरंटीची अजून तीन वर्षं आहेत, तोवर ऑईलची सर्व्हिसिंग शोरूमलाच, पण बिलातले चेनचे 80 आणि किरकोळचे 60 काढायला लाव. येत्या रविवारी गाडी घेऊन घरी ये. येताना अर्धा लिटर डिझेल, जुना ब्रश आणि सुती फडकं आण, गियर ऑईल माझ्याकडे आहे. उन्हं चढायच्या आत चेन करून टाकू.