उंदराला तूप-लोणी की पोषकं काढलेलं खाद्य? फॅटी लिव्हरचे दोन आहार

सांगलीत विश्रामबागेत राहणारी भाची पीएचडीच्या तयारीत आहे. फॅटी लिव्हरमध्ये, म्हणजे यकृतात चरबी साचते तेव्हा, जनुकांचं काम कसं बदलतं ते तिला बघायचंय, पण उंदरांना कोणता आहार द्यावा यावर गाडी अडलीय.

पहिला, ६० टक्के उष्मांक चरबीतून देणारा. उंदीर लठ्ठ होतात, इन्सुलिनला दाद देईनासे होतात, माणसासारखंच. चरबी आत घेणारं सीडी-३६ आणि साठवणुकीची जनुकं वाढतात. पण वेळ लागतो, तीन-चार महिने सहज, आणि तरीही फायब्रोसिस (यकृतात व्रणासारखे तंतू साचणं) जेमतेम. वर या खाद्याच्या गोळ्या मऊ, हाताला तेलकट, पिंजऱ्यात चुरा होणाऱ्या. किती खाल्लं ते मोजणं जिकिरीचं. थंडीत साठवा, नाहीतर खवट होतात.

दुसरा, मेथिओनिन आणि कोलीन ही दोन गरजेची पोषकद्रव्यं नसलेला. कोलीनअभावी यकृताला चरबी बाहेर धाडता येत नाही. दोन-चार आठवड्यांत चरबी साचते, पाठोपाठ दाह. फायब्रोसिसचे तंतू ज्याचे बनतात त्या कोलॅजनची जनुकं चढतात. पिंजऱ्यांचा खर्च वाचतो. मात्र उंदीर वाळतात आणि चरबी बनवणारं एससीडी-१ चक्क कोसळतं, म्हणजे लठ्ठ माणसाच्या यकृताशी मेळच बसत नाही.

दोन्हीकडे तुलनेचा गट तेवढा फरक सोडून त्याच घटकांच्या, जुळवलेल्या आहारावरच हवा, साध्या खाद्यावर नको. नमुने घेताना सगळे उंदीर सारखेच उपाशी असावेत. नुसत्या उपासानेही ही जनुकं हलतात.

मधुमेह, लठ्ठपणा हा प्रश्न असेल तर पहिला. फायब्रोसिसवरचं औषध झटपट तपासायचं तर दुसरा. भाचीचा प्रश्न चयापचयाचा आहे, तिने चार महिने काढावेत.