अक्कलकोट रोडवरचा भुईकाटा आणि आमच्या कॅरव्हॅनचं खरं वजन

रिव्ह्यू सोलापुरातल्या भुईकाट्याचा, म्हणजे अख्खा ट्रक चढवून मोजायच्या काट्याचा आहे, कॅरव्हॅनचा नाही. कॅरव्हॅन भाड्याने देणाऱ्याबद्दल लिहायला बसले तर जीभ सुटेल, म्हणून त्याचं नाव घेत नाही.

मे महिन्याच्या सुट्टीत आठ दिवसांसाठी आमच्या ह्यांनी गाडीमागे ओढायची छोटी कॅरव्हॅन आणली. दोन चाकांची, आत दोन पलंग, एसी, शेगडी, मागच्या टोकाला शंभर लिटरची पाण्याची टाकी. देणारा म्हणाला, "साडेआठशे किलो आहे, तुमची डिझेल सात सीटर अठराशे ओढते, बिनधास्त न्या." गाडीच्या पुस्तिकेत ओढायच्या वजनाचे दोन आकडे आहेत: ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असतील तर १,८००, नसतील तर ७५०. ह्या ट्रेलरला ब्रेक होते, म्हणजे कागदावर सगळं उत्तम.

निघायच्या दिवशी नेमकं आमच्याकडे पाणी आलं. सोलापुरात काही दिवसांआड येणारं पाणी नळाला दिसलं की हात आपोआप भांड्याकडे जातो. सासूबाईंनी पिंप भरलं, हंडे भरले, आणि कॅरव्हॅनची टाकीही काठोकाठ भरून घेतली. वर कडक भाकरीचा डबा, शेंगा चटणी, पितळी भांड्यांची पिशवी. ती पिशवीही मागच्याच कपाटात.

हैदराबाद रस्त्याने नळदुर्गला निघालो. पन्नास किलोमीटरचं अंतर, रस्ता सरळ. वेग ऐंशीच्या आसपास असताना एक मोठा ट्रक ओव्हरटेक करून गेला आणि मागून कोणीतरी शेपूट धरून हलवावं तशी आमची गाडी डावी-उजवी डोलू लागली. पोरं किंचाळली. ह्यांनी ब्रेक मारला नाही, हे आमचं नशीब. अॅक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग सरळ धरलं, वेग साठवर आला तेव्हा डोलणं थांबलं. किल्ला बघितला, पण पाणी महालापाशी उभी असतानाही माझ्या डोक्यात ते साडेआठशेच फिरत होतं. हिशेब बघणाऱ्या बाईला बिनपावतीचा आकडा पचत नाही. येताना चाळीसच्या वर गेलो नाही. वाटेत कशालाही हात लावला नाही, टाकीसुद्धा तशीच भरलेली ठेवली. जे डोललं तेच मोजायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काट्यावर. एमआयडीसीत सुताचे ट्रक आणि भंगार मोजायचा हा काटा. उसाचा हंगाम संपलेला, त्यामुळे रांग नव्हती. काटेवाल्या मामांनी केबिनमधून डोकं काढून विचारलं, "काय मोजूलालाव, मालक?" कॅरव्हॅन बघून खाली उतरून आले. काटामारीच्या गोष्टी ऐकत मोठी झालेली मी. केबिनच्या भिंतीवर वैधमापनवाल्यांचा पडताळणीचा कागद आहे का ते आधी बघितलं. होता. प्लेट रिकामी असताना लाल आकडे शून्यावर आहेत का तेही बघितलं. मामा हसले, चिडले नाहीत. एक स्टार तिथेच.

आम्हाला वाटलं होतं एकदा चढायचं, पावती घ्यायची, संपलं. मामांनी चार वेळा मोजायला लावलं. पहिल्यांदा गाडी आणि ट्रेलर जोडलेले, आत आम्ही पाचही जण: ३,५४० किलो. मग गाडी प्लेटच्या पुढे उतरवली, हुक तसाच जोडलेला, प्लेटवर फक्त ट्रेलरची चाकं: १,१४०. मग चाकाला दगड लावून हुक सोडला, ट्रेलर एकटा, पुढचं छोटं चाकही प्लेटवरच: १,१९०. ते साडेआठशे म्हणजे कारखान्यातून निघालेला कोरा ट्रेलर असावा. एसी, बॅटरी, सिलिंडर, पाणी हे त्याने कुणाच्या खात्यात टाकलं होतं कोण जाणे.

पण मामांनी बोट ठेवलं ते दुसऱ्याच आकड्यावर. १,१९० वजा १,१४०, म्हणजे ५०. एवढाच भार गाडीच्या हुकावर येत होता. "ट्रॉलीत ऊस मागं जास्त भरला की ट्रॉलीचं तोंड वर उचलतंय, बघितलंय न्हवं?" तेच आमच्याकडे चाललेलं. अमेरिकेत ओढायच्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर असावा असं धरतात. युरोपात त्याहून कमी चालतो. आमचा जेमतेम चार टक्के. पुढून हलका, मागून जड, म्हणून ट्रकचा वारा लागताच शेपूट हललं. चाकांच्या मागे टोकाला असलेलं शंभर किलो पाणी तरफेसारखं हुक वर उचलत होतं.

टाकी तिथेच बाजूच्या बाभळीला सोडली. सासूबाईंचा चेहरा मला बघवेना. भांड्यांची पिशवी पुढच्या पलंगाखाली सरकवली आणि हुक पुन्हा जोडून चौथं वजन: चाकांवर ९८०. ट्रेलर शंभर किलो पाण्याने हलका, म्हणजे १,०९०. हुकावर ११०, म्हणजे दहा टक्के. हुकाच्या पट्टीवर १२० ची मर्यादा कोरलेली आहे, तीही पाळली गेली.

आता गाडीची बाजू. हुकावरचे ११० किलो गाडीच्या पोटात बसलेल्या माणसांसारखेच धरायचे, हे मला आधी कळलंच नव्हतं. भरलेली गाडी २,३५०, अधिक ११०, झाले २,४६०. पुस्तिकेप्रमाणे आमच्या गाडीचं जास्तीत जास्त वजन २,५१०. उरले पन्नास किलो. नणंदबाई यायचं म्हणत होत्या, त्यांना ह्या वर्षी एसटीने यायला सांगितलं. अठराशे ओढणारी गाडी अकराशेच्या ट्रेलरला पुरेल, पण आतली माणसं आणि डिकी धरून पुरेल का हा वेगळा हिशेब आहे, आणि तो भाड्याने देणारा कधी सांगत नाही. इंग्लंडात नवख्यांना ट्रेलर गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवायला सांगतात. आमची रिकामी गाडी १,९०० ची, त्यामुळे त्यात आम्ही आरामात बसतो. अडलं ते डिकीत आणि टाकीत.

काट्याच्या उणिवा. सावली अजिबात नाही, नऊनंतर प्लेटवर पाय ठेववत नाही. हा काटा दहा-दहा किलोच्या टप्प्याने आकडा दाखवतो, त्यामुळे हुकाच्या भारात थोडा फरक राहतो. ह्यांनी घरी वजन करायच्या छोट्या काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून, हुक गाडीला जोडतो त्याच उंचीवर टेकवून बघितलं: ११२. म्हणजे मामांचं गणित बरोबर. प्लेटवर चढायचा उतार जरा उभा आहे, ट्रेलरचं पुढचं चाक वर करायला विसरू नका, आमचं घासलं. सुट्टे पैसे न्या. पावतीचा कागद असा आहे की दोन महिन्यांत अक्षरं उडतील, फोटो काढून ठेवा.

एका वजनाचे शंभर रुपये. चार वजनांचे चारशे काढून दिले, तर मामांनी दोनशे परत केले. "दोन पावत्या फाडल्या, दोनचेच घेतो. मला आतून बघू द्या की हो, पलंग कसा बसवलाय." पंधरा मिनिटं आत एसीत बसून आले. सासूबाईंनी त्यांना भाकरी-चटणी दिली.

पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो सावलीचा.